ट्रकचा मागचा कॅमेरा, डॅशबोर्डवरचं बटण आणि उलटा जाणारा करंट

आमच्या लॅबमध्ये प्रोजेक्टसाठी येणाऱ्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या आठवड्यात एक प्रश्न देते. ऐकायला तो अगदी गॅरेजमधला वाटतो. ट्रकच्या मागे कॅमेरा बसवला आहे. रिव्हर्स गिअर टाकला की मागचा पांढरा दिवा लागतो, त्याच वायरवरून कॅमेऱ्याला सप्लाय मिळतो आणि केबिनमधल्या स्क्रीनवर मागचं चित्र येतं. आता ड्रायव्हरचं म्हणणं असं की गाडी पुढे चाललेली असतानाही मला वाटेल तेव्हा मागचं दिसलं पाहिजे, एक बटण लावून द्या. तर हे वायरिंग काढून दाखवा.

बहुतेक जण अर्ध्या मिनिटात काढतात. बॅटरीच्या प्लसपासून एक वायर, मध्ये स्विच, आणि दुसरं टोक कॅमेऱ्याच्या प्लसला. कागदावर हे अगदी बरोबर दिसतं. गाडीवर जोडलं तरी बटण दाबताच स्क्रीनवर चित्र येतं. ड्रायव्हर खूश, जोडणाराही खूश.

गडबड मागे झालेली असते, जिथे त्या वेळी कुणी उभं नसतं. बटण दाबल्याबरोबर कॅमेऱ्यासोबत रिव्हर्सचा दिवाही लागलेला असतो. कारण कॅमेऱ्याची प्लस आणि रिव्हर्स दिव्याची प्लस ही एकच वायर आहे. आपण त्या वायरला स्विचमधून करंट दिला, पण ‘फक्त कॅमेऱ्याकडे जा’ असं त्याला सांगणारं सर्किटमध्ये काहीच नाही. तो कॅमेऱ्याकडे जातो आणि उलटा दिव्याकडेही जातो. गाडीला रिव्हर्सचा हॉर्न बसवलेला असेल तर तोही वाजतो. आपल्याकडच्या ट्रकांचे ते गाण्यांच्या चालीवर वाजणारे हॉर्न आठवा, आणि असा हॉर्न घाटात चढाला लागलेल्या गाडीतून वाजतोय अशी कल्पना करा.

हसू येतं, पण मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या जागेवरून बघा. रात्रीची वेळ, समोर ट्रक, आणि अचानक त्याचे पांढरे दिवे लागले. पांढऱ्या दिव्याचा अर्थ ‘ही गाडी मागे येते आहे’. तो दचकून ब्रेक मारेल किंवा बाजूला कापेल. आणि ज्याच्यासमोर हे चार वेळा झालं, तो पाचव्या वेळी ट्रक खरोखर मागे येत असताना त्या दिव्याकडे लक्ष देणार नाही. हा दिवा मागच्या माणसासाठी असतो. आपण ड्रायव्हरची सोय करायला गेलो आणि मागच्या माणसाला खोटं सांगणारं यंत्र बनवलं.

बटणाची मागणी मात्र फालतू नाही, हे आधी मान्य करू. मागे बंद बॉडी असली की ट्रकमध्ये आतल्या आरशाचा उपयोग शून्य. ताडपत्रीचा दोर सुटलाय का, मागचं फाळकं नीट लागलंय का, अगदी मागे चिकटून कुणी चाललंय का, यातलं काहीच बाजूच्या आरशात दिसत नाही. अरुंद यार्डात गाडी लावताना ड्रायव्हर पुढे-मागे, पुढे-मागे करतो. दरवेळी गिअर बदलला की चित्र जातं आणि परत यायला क्षण-दोन क्षण लागतात. नेमक्या त्याच क्षणी क्लीनर मागे जाऊन ‘येऊ दे, येऊ दे’ करत उभा असतो. म्हणून ‘बटण नकोच’ हे उत्तर चालणार नाही. बटण हवं, पण उलटा करंट नको.

आता थोडं गणित, कारण त्याशिवाय हे नुसतं किस्सा सांगितल्यासारखं होईल. आपल्याकडच्या अवजड ट्रकांमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात, म्हणजे सिस्टिम २४ व्होल्टची. कॅमेरा साधारण २ वॉटचा धरा, म्हणजे त्याला ०.०८ ॲम्पिअर लागतात. रिव्हर्सचे २१ वॉटचे दोन बल्ब असतील तर त्यांना मिळून १.७५ ॲम्पिअर. बटणाच्या वायरमधून जे जाईल असं आपण गृहीत धरलं होतं, त्याच्या वीसपटीहून जास्त करंट प्रत्यक्षात जातो. त्यात बल्बची तार थंड असताना तिचा रोध गरम असतानाच्या सुमारे दहावा भाग असतो. चालू बल्बचा रोध २४ गुणिले २४ भागिले २१, म्हणजे साधारण २७ ओहम. थंड असताना तो पावणेतीन ओहमच्या आसपास. दोन बल्ब पॅरललमध्ये, म्हणून बटण दाबल्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत करंट दहा-पंधरा ॲम्पिअरपर्यंत उडी मारू शकतो. कॅमेऱ्याचा विचार करून घातलेला १ ॲम्पिअरचा फ्यूज यात जाणारच. मग काय होतं? ‘फ्यूज कमजोर होता’ असं म्हणून कुणीतरी ५ किंवा १० ॲम्पिअरचा बसवतो. लक्षण गेलं, कारण तसंच राहिलं, आणि आता त्या बारीक वायरला संरक्षणही उरलं नाही.

इथपर्यंत बरेच विद्यार्थी थोडं टोकल्यावर येतात. यापुढची जी अवस्था आहे ती मात्र क्वचितच कुणाला आपणहून दिसते, आणि माझ्या मते या प्रश्नातला खरा मासला तीच आहे.

उताराकडे तोंड करून ट्रक उभा करायचा असेल तर जाणता ड्रायव्हर हँडब्रेक लावतो, चाकाला दगड लावतो आणि गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवतो. किल्ली काढून घेतो. गिअरबॉक्सवरचा रिव्हर्सचा स्विच या वेळी बंद, म्हणजे जोडलेला असतो. फक्त किल्ली नसल्यामुळे त्याला सप्लाय नसतो. आता कुणी आपलं कॅमेऱ्याचं बटण दाबलं, किंवा ते आधीपासूनच दाबलेलं राहिलं. आपली वायर थेट बॅटरीवरून आहे. करंट कॅमेऱ्याकडे गेला, दिव्याकडे गेला, आणि जोडलेल्या रिव्हर्स स्विचमधून उलटा फिरून तो स्विच ज्या इग्निशनच्या लाइनवर आहे, तिथपर्यंत पोचला. किल्ली ड्रायव्हरच्या खिशात आणि इग्निशनची लाइन जिवंत! डॅशबोर्डवरचे दिवे अर्धवट पेटतील, त्या लाइनवर जे जे काही आहे ते सगळं एका बारीक वायरमधून करंट ओढू पाहील. मग ती वायर तापेल किंवा फ्यूज जाईल. आणि दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनला सांगितलं जाईल की ‘रात्री आपोआप काहीतरी होतं’.

एकाच लोडला दोन सप्लाय थेट जोडले की एक सप्लाय दुसऱ्याच्या घरात शिरतो. याला बॅकफीड म्हणतात. तुमच्या टेबलावरही हे होतं, फक्त तिथे दिवा लागत नाही म्हणून कळत नाही. सेन्सरचा सप्लाय बंद केला, पण त्याच्या डेटा-लाइन मायक्रोकंट्रोलरला जोडलेल्या आणि हाय अवस्थेत आहेत, अशी कल्पना करा. बहुतेक चिपच्या इनपुटला आत संरक्षणासाठी डायोड असतात. त्यांच्यातून करंट चिपच्या सप्लायच्या पिनवर जातो आणि ‘बंद’ सेन्सर अर्धवट शुद्धीत राहतो. तुम्ही वहीत लिहिता ‘सेन्सर रीसेट केला’, आणि तो मुळात कधी बंदच झालेला नसतो. त्यानंतर येणारा विचित्र डेटा समजून घ्यायला आठवडे जातात. ट्रकचा प्रश्न मी त्यासाठीच देते. इथे बॅकफीड २१ वॉटच्या उजेडात दिसतं.

हा प्रश्न पद्धतशीर कसा सोडवायचा? चित्र काढायच्या आधी अवस्था मोजा. किल्ली चालू किंवा बंद, गिअर रिव्हर्समध्ये किंवा नाही, बटण दाबलेलं किंवा नाही. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ अवस्था. प्रत्येक अवस्थेसमोर तीन गोष्टी लिहा: कॅमेऱ्याला सप्लाय हवा का, रिव्हर्सचा दिवा लागायला हवा का, इग्निशनची लाइन जिवंत असायला हवी का. ‘हवं’चा रकाना तुमच्या डोक्यातून येतो, सर्किटमधून नाही. त्यासाठी वायर कुठून जाते हे माहीत असायची गरज नाही. दिवा फक्त किल्ली चालू आणि गिअर रिव्हर्स असेल तेव्हाच. कॅमेरा किल्ली चालू असताना, आणि गिअर किंवा बटण यांपैकी निदान एक असेल तेव्हा. इग्निशनची लाइन फक्त किल्लीवर. हे लिहून झालं की मग सर्किटवर बोट ठेवून प्रत्येक अवस्थेत करंट कुठे कुठे जाऊ शकतो ते बघा.

पहिल्या उत्तराला, म्हणजे बॅटरीवरून थेट वायरला, हा तक्ता लावला तर आठपैकी तीन अवस्था चुकतात. बटण दाबलेलं नसताना सगळं ठीक, म्हणून साध्या तपासणीत काही सापडत नाही. इथे एखादा हुशार विद्यार्थी म्हणतो, ‘मग बॅटरीऐवजी इग्निशनवरून वायर घेऊ.’ चांगली सुधारणा आहे. किल्ली बंद असतानाच्या दोन्ही चुका त्याने जातात आणि आठपैकी एकच अवस्था चुकीची उरते. पण ती कुठली? किल्ली चालू, गिअर पुढचा, बटण दाबलेलं. म्हणजे ज्या कामासाठी बटण लावलं, नेमकी तीच! आठपैकी सात बरोबर याला परीक्षेत फर्स्ट क्लास मिळाला असता, पण रस्त्यावर दर वेळी तीच एक अवस्था येणार आहे.

आणि बरोबर दिसणाऱ्या अवस्थांपैकी एक खरं तर बरोबर नाही. किल्ली चालू, गिअर रिव्हर्स, बटण दाबलेलं: दिवाही लागतो, कॅमेराही लागतो, तक्त्याशी सगळं जुळतं. पण रिव्हर्स दिव्याचा मूळ फ्यूज गेलेला असेल तर या अवस्थेत दिवा आपल्या बटणाच्या वायरवर पेटतो आणि गेलेला फ्यूज झाकला जातो. निकाल जुळला म्हणजे कारणही जुळलं असं नव्हे. हे तुमच्या व्हायव्हातसुद्धा कुणीतरी विचारणार आहे.

आता उपायांकडे. बाजारात तीन टप्प्यांचा स्विच मिळतो: एका बाजूला ऑटो, दुसऱ्या बाजूला मॅन्युअल, मध्ये बंद. मधला पिन कॅमेऱ्याला, एक टोक रिव्हर्सच्या वायरला, दुसरं इग्निशनला. दोन सप्लाय एकमेकांना कधीच भेटत नाहीत, म्हणून बॅकफीड नाही. आकर्षक आहे. पण मला हा पर्याय अजिबात पसंत नाही, कारण तो मधला टप्पा. दिवसभर स्क्रीन डोळ्यांना त्रास देते म्हणून ड्रायव्हर स्विच मध्ये ठेवेल, संध्याकाळी यार्डात रिव्हर्स टाकेल आणि स्क्रीन काळी राहील. ज्या कामासाठी कॅमेरा आला तेच काम आपल्या बटणाने बंद पाडलं. अमेरिकेत १ मे २०१८ पासून बनलेल्या, १०,००० पौंडांपर्यंतच्या म्हणजे साधारण साडेचार टनांपर्यंतच्या एकूण वजनाच्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे, आणि त्या नियमात रिव्हर्स टाकल्यापासून २ सेकंदांत चित्र आलं पाहिजे अशी अट आहे. तो कायदा गाडी मागे घेताना दगावलेल्या दोन वर्षांच्या मुलाच्या, कॅमेरॉन गुलब्रॅन्सनच्या नावाने ओळखला जातो. मोठे ट्रक त्या नियमाच्या बाहेर आहेत. पण आपण स्वतः बसवताना अट तीच धरावी: बटण कुठल्याही स्थितीत असो, रिव्हर्स टाकला की चित्र आलंच पाहिजे.

म्हणून दोनच टप्प्यांचा चेंजओव्हर स्विच. ऑटोवर असेल तर रिव्हर्सच्या वायरवरून, मॅन्युअलवर असेल तर इग्निशनवरून. मॅन्युअलवर कॅमेरा कायम चालू, म्हणजे रिव्हर्समध्येही चालू. दोन्ही स्थितींत मागे जाताना चित्र आहे. साधे टॉगल स्विच आधी एक टोक सोडतात आणि मग दुसरं धरतात, त्यामुळे बदलतानाही दोन सप्लाय एकत्र येत नाहीत. तक्ता लावून बघा, आठही अवस्था बरोबर येतात. जास्तीचा एकही भाग लागत नाही.

दुसरा मार्ग दोन डायोडचा. रिव्हर्सच्या वायरपासून एक डायोड, बटणाच्या वायरपासून दुसरा. दोघांच्या पट्टीकडची टोकं एकत्र करून ती कॅमेऱ्याच्या प्लसला आणि स्क्रीनच्या ट्रिगर वायरला जोडायची. (स्क्रीनचा मुख्य सप्लाय वेगळा, इग्निशनवरून. ट्रिगर वायर फक्त ‘आता कॅमेरा दाखव’ एवढंच सांगते.) डायोडमधून करंट पट्टीच्या दिशेने जातो, उलटा येत नाही. बटण दाबलं तर कॅमेऱ्याला मिळतं, पण दिव्याकडची वाट बंद. रिव्हर्स टाकला तर कॅमेऱ्याला मिळतं, पण बटणाच्या लाइनकडची वाट बंद. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या पहिल्या सेमिस्टरमधलं डायोडचं ऑर-गेट ते हेच. परीक्षेत आपण त्याचा ट्रुथ टेबल पाठ करतो, इथे तो ट्रकखाली बोल्ट केलेला असतो.

दोन्ही बरोबर आहेत, मग कुठला घ्यावा? इथे ‘काय बिघडेल’ हा प्रश्न विचारायचा. चेंजओव्हर स्विचमध्ये रिव्हर्सचं चित्रसुद्धा त्या हाताच्या स्विचमधून जातं. डॅशबोर्डवरची धूळ, तेलकट हात, वर्षानुवर्षांची खटखट. सगळ्यात आधी खराब होणारा भाग तोच, आणि तो खराब झाला तर ऑटोवरचं चित्रही जाऊ शकतं. डायोडच्या मांडणीत बटण पूर्ण मोडून पडलं तरी रिव्हर्सची वाट शाबूत राहते. म्हणून ट्रकसाठी मी डायोड निवडेन, घरच्या छोट्या पिकअपसाठी चेंजओव्हर स्विच चालेल. डायोडही बिघडतो, नाही असं नाही. रिव्हर्सचा डायोड तुटला तर गाडी मागे घेताना स्क्रीन काळी राहील आणि ड्रायव्हर लगेच तक्रार करेल. पण तो आतून शॉर्ट झाला तर पुन्हा मूळ आजार: बटण दाबलं की दिवा लागणार, आणि ते केबिनमध्ये कळणार नाही. त्यामुळे अधूनमधून कुणालातरी मागे उभं करून बटण दाबून बघणं ही या मांडणीची किंमत आहे.

रिलेचा तिसरा मार्गही आहे. ज्या गाड्यांत रिव्हर्सचा दिवा कंट्रोल युनिट चालवतं तिथे तोच बरा, कारण त्या वायरवर फक्त रिलेच्या कॉइलचा भार पडतो आणि कॅमेरा वेगळ्या सप्लायवर राहतो. कॉइलला समांतर उलटा डायोड घालायला विसरू नका. अशा गाड्यांत फॅक्टरीची वायर कापण्याआधी सर्किट डायग्रॅम मिळवाच.

डायोड कुठला, यावर वर्गात नेहमी एक चुकीचं पण हुशार उत्तर येतं: शॉटकी घेऊ, त्यात व्होल्टेज कमी पडतं. साध्या सिलिकॉन डायोडवर साधारण ०.७ व्होल्ट पडतात, शॉटकीवर त्याहून कमी. पण २४ मधले ०.७ गेल्याने कॅमेऱ्याला काय फरक पडतो? उलट १एन५८१९ सारखा नेहमीचा शॉटकी ४० व्होल्टपर्यंतच उलटं व्होल्टेज सहन करतो. इंजिन चालू असताना ट्रकची लाइन आधीच २८ व्होल्टच्या आसपास असते. त्यात चार्जिंग चालू असताना बॅटरीचा जोड निसटला तर अल्टरनेटर क्षणभर प्रचंड व्होल्टेज फेकतो. याला लोड डंप म्हणतात. आयएसओ १६७५०-२ या मानकात २४ व्होल्टच्या गाड्यांसाठी, अल्टरनेटरमध्ये दाबणारी सोय नसेल तर, ही चाचणी १५१ ते २०२ व्होल्टची आहे. साधा १एन४००७ १,००० व्होल्टचा आणि १ ॲम्पिअरचा आहे आणि तो कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. कॅमेरा आणि ट्रिगरसाठी तो पुरून उरतो.

हे डायोड कॅमेऱ्याच्या वायरवर घालायचे, दिव्याच्या वायरवर नाही. ऐकायला उघड आहे, पण फांदी फुटते त्या जागेच्या अलीकडे डायोड घातला तर दिव्याचा सगळा करंट त्यातून जातो, आणि उलटी वाट तर उघडीच राहते.

२४ व्होल्टचा ट्रक आणि १२ व्होल्टचा कॅमेरा अशी जोडी झाली की एक सोपी पळवाट सुचते: दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडातून १२ व्होल्ट घ्या. घेऊ नका. दोन्ही बॅटऱ्यांमधून चार्जिंगचा करंट एकच जातो, पण कॅमेरा फक्त खालच्या बॅटरीतून ओढतो. हळूहळू खालची अर्धपोटी राहते आणि वरची गरजेपेक्षा जास्त चार्ज होते. काही महिन्यांनी दोन्ही बॅटऱ्यांची जोडी बिघडते आणि दोष बॅटरी बनवणाऱ्याला जातो. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर लावा, किंवा दोन्ही व्होल्टेजवर चालणारा कॅमेरा घ्या. आणि हे डब्यावर वाचून घ्या, दुकानदाराच्या ‘चालतंय’वर जाऊ नका.

वायर किती जाड? ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०३४ ओहम. १० मीटरला ०.३४. कॅमेऱ्याचे ०.०८ ॲम्पिअर त्यातून गेले तर पडतात जेमतेम ०.०३ व्होल्ट. म्हणजे विजेच्या हिशेबाने याहून बारीक वायरही चालली असती. तरीही बारीक घेऊ नका, कारण चासीखाली वायरला चिखल, दगड आणि थरथर सोसायची असते. फ्यूज सप्लायच्या टोकाशी, १ किंवा २ ॲम्पिअरचा. फ्यूज कॅमेरा वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. म्हणून तो कॅमेऱ्याजवळ लावला तर मधली १० मीटर वायर उघडीच राहते. रिव्हर्सच्या वायरवरून जिथे फांदी काढली तिथेही एक छोटा फ्यूज हवा. नाहीतर कॅमेऱ्याची केबल घासून शॉर्ट झाली की गाडीच्या रिव्हर्स दिव्याचा फ्यूज उडेल.

बटणाचा सप्लाय इग्निशनवरून घ्यायचं आणखी एक साधं कारण आहे. कॅमेरा आणि स्क्रीन मिळून ०.५ ॲम्पिअर धरा. दोन्ही थेट बॅटरीवर असतील आणि गाडी दिवाळीला चार दिवस उभी असेल, तर ४८ ॲम्पिअर-तास गेले. १०० ॲम्पिअर-तासांच्या बॅटरीतले जवळजवळ निम्मे. पाचव्या दिवशी धक्का मारायला माणसं शोधा.

सगळं जोडल्यावर चित्रात आडव्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर बहुतेकांचा संशय कॅमेऱ्यावर जातो. आधी अर्थिंग बघा. साध्या ॲनालॉग कॅमेऱ्याच्या व्हिडिओ सिग्नलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं अंतर फक्त ०.७ व्होल्ट असतं. कॅमेऱ्याची मायनस मागे चासीला जोडली आणि व्हिडिओ केबलची जाळी पुढे स्क्रीनच्या मायनसला, तर परतीच्या दोन वाटा झाल्या. चासीमधून बाकीच्या दिव्यांचा आणि अल्टरनेटरचा करंट वाहतच असतो. त्यामुळे मागच्या आणि पुढच्या टोकात ५० मिलिव्होल्टचा जरी फरक पडला, तरी तो उजेडाच्या पूर्ण पल्ल्याच्या ७ टक्के होतो आणि डोळ्यांना सहज दिसतो. उपाय स्वस्त आहे: कॅमेऱ्याची मायनस मागे कुठेही न जोडता केबलमधूनच पुढे आणायची आणि स्क्रीनच्या मायनसला एकाच जागी जोडायची. ऑसिलोस्कोपवर ५० हर्ट्झची लाट बघून ज्यांनी डोकं धरलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तपासणी करताना इंजिन बंद, हँडब्रेक, चाकांना दगड, आणि वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची मायनस काढलेली. मग मायनस परत जोडून आठही अवस्था एकेक करून, दर वेळी एक जण मागे उभा राहून. निरीक्षणाचा रकाना ‘हवं’च्या रकान्याशेजारी लिहायचा, आणि तो तिथे बघून लिहायचा, केबिनमध्ये बसून अंदाजाने नाही.

मोजायचं कशाने, हीसुद्धा गंमत आहे. तुमच्या हातात डिजिटल मल्टिमीटर असेल आणि शेजारच्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे वायरीला बांधलेला २४ व्होल्टचा बल्ब. तुम्हाला वाटेल आपलं उपकरण भारी. समजा रिव्हर्सचा बल्ब गेलेला आहे, बटण दाबलेलं आहे आणि डायोडमधून उलट्या दिशेने ०.१ मायक्रोॲम्पिअर झिरपतो आहे. मल्टिमीटरचा इनपुट रोध साधारण १० मेगाओहम. गुणाकार करा: १ व्होल्ट. मीटर सांगेल ‘वायरवर व्होल्टेज आहे’, आणि तुम्ही चांगला डायोड काढून फेकाल. इलेक्ट्रिशियनचा बल्ब त्याच वायरला लावला तर तो काळाच राहील, कारण त्याला पेटायला जवळजवळ १ ॲम्पिअर हवा असतो. दोन्ही उपकरणं खरं बोलतात. मीटर सांगतो की तिथे व्होल्टेज आहे, बल्ब सांगतो की त्या व्होल्टेजमागे ताकद नाही. आपला प्रश्न ‘दिवा लागेल का’ असा आहे, म्हणून इथे बल्बचं ऐकायचं. बॅकफीडचा संशय आला तर आधी मीटर, मग बल्ब, आणि दोघांची उत्तरं वेगळी आली तर थांबून का ते काढायचं.

शेवटचं काम कागदाचं. सर्किटचं चित्र, वायरींचे रंग, दोन डायोड कुठे बांधलेत ती जागा आणि तारीख, असा एक कागद प्लॅस्टिकमध्ये घालून फ्यूजबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवा. हा ट्रक उद्या हुबळीला किंवा इंदूरला बंद पडेल. तिथला इलेक्ट्रिशियन टेपमध्ये गुंडाळलेला तो छोटा गठ्ठा बघेल, कंपनीचा नाही म्हणून कापून टाकेल आणि दोन्ही वायरी सरळ एकमेकींना पिळून देईल. बटण दाबलं की चित्र येईल, ड्रायव्हर पैसे देऊन निघेल, आणि मागचे पांढरे दिवे थेट पुढच्या जेवणाच्या थांब्यापर्यंत पेटलेले राहतील.